बुधाचे अधिक्रमण आणि झांशीचे सुभेदार

बदलीच्या गावी पोहोचलो, बिऱ्हाड लावले, की पहिल्या रविवारी त्या गावचा इतिहास मिळवून वाचावयाचा, अशी आम्हांस फार दिवसांची खोड आहे. घरची मंडळी हिला रिकामपणाचा उद्योग म्हणतात. परंतु ज्या गावात आपले कोणी नाही, त्या गावाशी नाते जोडण्याचा ह्याहून स्वस्त मार्ग आम्हांस सापडलेला नाही. झांशीच्या बाबतीत तर हे काम सोपे व्हावयास हवे होते. महाराणी लक्ष्मीबाईंचे गाव; किल्ला समोर उभा; विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ लहानपणीच वाचलेला. आणखी काय हवे? पण गावाच्या इतिहासात शिरलो तेव्हा वाटेत एक असा गृहस्थ भेटला की, राणीसाहेबांच्या तेजापुढे जो अगदीच झाकून गेला आहे. त्याची ओळख करून देण्यासाठी हा लेख. तीस निमित्त मात्र झाले ते एका ग्रहाचे.

९ मे २०१६ हा दिवस अक्षय्य तृतीयेचा. त्या सायंकाळी बुध सूर्यबिंबावरून जाणार असल्याचे आमच्यापैकी एकाने पुण्याहून ऐकून आणले होते. ज्योतिर्विद्या परिसंस्था पुण्यात १९४४ पासून हौशी आकाशनिरीक्षकांना एकत्र आणीत आली आहे. तिच्या वाऱ्याला उभा राहिलेला मनुष्य कोठेही बदलून गेला तरी वर पाहणे सोडीत नाही. ह्या आमच्या सहकाऱ्याजवळ साठ मिलिमीटरची एक लहान दुर्बीण होती. बुध व शुक्र हे सूर्य आणि आपण ह्यांच्यामध्ये फिरणारे ग्रह. त्यांतील एखादा नेमका मध्ये आला की सूर्यबिंबावरून काळा ठिपका सरकताना दिसतो. ह्यासच अधिक्रमण म्हणतात. बुधाची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सात अंशांनी कललेली असल्यामुळे तो बहुतेक वेळा सूर्याच्या वरून किंवा खालून निसटतो. शतकात तेरा-चौदा वेळाच तो सापडतो, आणि त्यातही मे किंवा नोव्हेंबर ह्याच महिन्यांत.

प्रारंभ चार वाजून बेचाळीस मिनिटांनी व्हावयाचा होता. दिवस सोमवार. सणाची सुट्टी केंद्रीय कचेऱ्यांना नव्हती, म्हणून आम्ही अर्ध्या दिवसाच्या नैमित्तिक रजेचे अर्ज दिले. कारणाच्या रकान्यात एकाने ‘सूर्यदर्शन’ असे लिहिले होते, ते आम्ही खोडावयास लावून ‘घरगुती’ केले. तेही खोटे नव्हते. ज्या गच्चीवर दुर्बीण लावली तिच्याच खालच्या घरात चैत्रगौरीचे अखेरचे हळदीकुंकू होते. आंब्याची डाळ आणि पन्हे ह्यांचा पुरवठा खालून वर चालू होता. ह्याच गावी, १८५८ च्या चैत्रात, शहरावर इंग्रजी फौज चालून येत असता राणीसाहेबांनी केलेल्या हळदीकुंकवाचे वर्णन गोडसे भटजींनी केले आहे, ह्याची आठवण कोणास तरी झाली.

बुंदेलखंडातील मे महिना ज्यांनी काढला नाही, त्यांना आमची अडचण सांगून कळणार नाही. ढगाचे नाव नाही, आणि तरी आकाश नाही! तिसऱ्या प्रहरी पश्चिमेकडून लू सुटते. ती आपल्याबरोबर शेतांतली सगळी माती उचलून आणते, आणि सूर्य तांब्याच्या परातीसारखा होऊन डोक्यावरून उतरू लागतो. ते वर्ष तर दुष्काळाचे होते. दुर्बिणीच्या मागे धरलेल्या पांढऱ्या कागदावर सूर्याचे वीतभर बिंब पाडले, घड्याळ लावले, आणि चार वाजून चाळीस मिनिटांनी धुळीचा एक लोट असा आला की कागदावरील बिंब गेले, गच्चीवरचा कागदही गेला. बुधाचा सूर्यप्रवेश आम्हांस दिसला नाही. पाचानंतर हवा थोडी बसली. पुन्हा बिंब पडले, आणि कडेपासून थोडे आत टाचणीच्या डोक्याएवढा काळा ठिपका दिसला.

“हाच का?” असे विचारणाऱ्यांत आम्हीही होतो, कारण बिंबावर त्या दिवशी सौरडागही होते. परंतु डागाची कड विरलेली असते. हा ठिपका मात्र टाकाने टिंब द्यावे तसा गोल आणि काळाभोर. पंधरा मिनिटांनी तो जागचा हलला होता. मग खालच्या बायका पन्ह्याचे पेले हातात घेऊनच वर आल्या, मुलांनी कागदावर आपली नाकेही पाडली, आणि सहाच्या सुमारास सूर्य पुन्हा धुळीत बुडाला तो त्या दिवशी वर आलाच नाही. अधिक्रमणाचा मध्यच रात्री साडेआठच्या सुमारास व्हावयाचा होता, तेव्हा अर्ध्याहून अधिक भाग आमच्या वाट्याचा नव्हताच. आमच्या सहकाऱ्याने एका जुन्या खतावणीच्या कोऱ्या पानावर वेळा मांडल्या, ‘प्रवेश दिसला नाही : धूळ’ असे पहिल्याच ओळीत लिहिले, आणि खाली चौघांनी सह्या केल्या.

ही सहीची गोष्ट आम्हांस त्या वेळी पोरकट वाटली होती. आता वाटत नाही.

दुसऱ्या दिवसापासून आमची खोड जागी झाली. बुधाची अधिक्रमणे कोणत्या क्रमाने येतात हे पाहू लागलो. शेहेचाळीस वर्षांत बुधाच्या जवळजवळ नेमक्या १९१ प्रदक्षिणा होतात. म्हणून एकदा झालेले अधिक्रमण शेहेचाळीस वर्षांनी, एखाद्या दिवसाच्या फरकाने, पुन्हा घडते. फक्त दर खेपेस ते दिवसाच्या घड्याळात सुमारे पावणेसात तास पुढे सरकते. ह्या हिशेबाने २०१६ चे आमचे अधिक्रमण मागे नेले, तर १९७०, १९२४, १८७८, १८३२ आणि १७८६ ही वर्षे येतात. ही वर्षे कागदावर लिहून आम्ही त्यांच्यापुढे झांशीचा इतिहास मांडला, आणि थोडा वेळ स्वस्थ बसलो.

९ मे १९७० रोजी सकाळी पावणेदहापासून सायंकाळी पावणेसहापर्यंत सारे अधिक्रमण झांशीवर होऊन गेले. त्या वेळी येथील रेल्वेच्या कारखान्यात नोकरीस असलेल्या एका वृद्ध मराठी गृहस्थांना आम्ही विचारले. ते म्हणाले, “त्या दिवसांत उन्हाकडे पाहायचे नसते, उन्हातून पळायचे असते!” ८ मे १९२४ ला, जी. आय. पी. रेल्वेच्या अमदानीत, सूर्य उगवला तोच बिंबावर बुध घेऊन, आणि अकराच्या सुमारास तो बाहेर पडला. १८७८ चे अधिक्रमण आपल्याकडे रात्री झाले, त्याबद्दल कोणास बोल लावता येत नाही. त्या काळात झांशी शहर ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे होते. १८६१ मध्ये इंग्रजांनी ते त्यांना दिले आणि १८८६ मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला सोडून परत घेतले, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. ५ मे १८३२ रोजी दोन प्रहरांनंतर सूर्यास्तापर्यंत बुध बिंबावर होता. तेव्हा गादीवर रामचंद्रराव. त्याच वर्षाच्या अखेरीस गव्हर्नर जनरल बेंटिंक झांशीस आला आणि त्याने त्यांना महाराजाधिराज ही पदवी दिली.

राहिले १७८६. त्या वर्षी ४ मे रोजी सकाळी आठच्या सुमारास बुध सूर्यबिंबावर आला आणि दुपारी दीडच्या पुढे बाहेर पडला. म्हणजे सारे अधिक्रमण, सूर्य डोक्यावर असता, लू आणि धूळ उठण्यापूर्वीच संपले. आमच्या गच्चीवरून दिसले त्याहून पुष्कळ चांगले. आणि त्या वेळी झांशीचे सुभेदार होते रघुनाथ हरी नेवाळकर.

नेवाळकर मूळचे रत्नागिरीकडचे. रघुनाथ हरींकडे पेशव्यांचा हा सुभा १७७० च्या सुमारास आला आणि वीस वर्षांहून अधिक काळ राहिला. विस्कटलेला प्रांत त्यांनी बसविला, वसूल वाढविला. लक्ष्मी तलावाकाठचे महालक्ष्मीचे देऊळ त्यांचेच मानतात. येथवर ते इतर कर्तबगार सुभेदारांसारखेच. पण १७९२ मध्ये डॉक्टर विल्यम हंटर नावाचा एक इंग्रज शल्यवैद्य झांशीवरून गेला. महादजी शिंद्यांकडे इंग्रजांचा वकील असलेला मेजर पामर आग्र्याहून उज्जयिनीस निघाला होता, त्याच्या लवाजम्यात हा होता. ह्या प्रवासाचा वृत्तांत हंटरने पुढे कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत छापला. त्यात झांशीच्या सुभेदाराबद्दल तो जे सांगतो, ते वाचून आम्ही थक्क झालो. हा मराठा अधिकारी उतारवयात इंग्रजी शिकला होता, आणि ते कशासाठी, तर युरोपातील शास्त्रे समजावीत म्हणून. ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’ ह्या ज्ञानकोशाची दुसरी आवृत्ती त्याने मिळविली होती. ही आवृत्ती १७७७ ते १७८४ ह्या काळात एडिंबरोस दहा खंडांत निघाली. कोकणातून आलेल्या घराण्यातला पुरुष, बुंदेल्यांच्या आणि गोसाव्यांच्या गर्दीत सुभा सांभाळीत असता, बैलगाडीच्या वाटेने आलेले हे खंड उघडून बसला आहे, हे चित्र आम्ही कितीदा तरी डोळ्यांपुढे आणले आहे.

हंटर स्वतः आकाशाचा अभ्यासक होता. वाटेतल्या गावांचे अक्षांश-रेखांश तो वेध घेऊन काढीत असे. उज्जयिनीस जाऊन त्याने सवाई जयसिंगाच्या वेधशाळेचे वर्णन लिहिले. हीच वेधशाळा पुढे १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करविली आणि गोविंद सदाशिव आपटे ह्या मराठी ज्योतिर्विदाच्या हाती दिली. म्हणजे १७९२ मध्ये झांशीत जिज्ञासू सुभेदार होता, ज्ञानकोश होता, वेध घेणारा पाहुणा होता. आकाशातला प्रसंग मात्र सहा वर्षांपूर्वीच होऊन गेला होता.

तो कळला असता काय? सुभेदारांच्या जोश्यास कळणे शक्य नव्हते. आपली पंचांगे तेव्हा गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघवा’वरून होत, तो ग्रंथ १५२० चा, करण म्हणून अप्रतिम, पण बुधासारख्या चंचल ग्रहाच्या बाबतीत तोवर अंशांनी चुकू लागलेला. सूर्याचे बिंबच मुळी अर्ध्या अंशाचे! अर्वाचीन वेधांवर उभारलेली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत आली ती १८६० मध्ये, केरो लक्ष्मण छत्रे ह्यांच्या हातून. त्या आधी कोणा मराठी माणसाने बुधाचे अधिक्रमण गणिताने आधीच सांगावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

पण म्हणून युरोपीयांची टेबले फार पक्की होती असेही समजू नये. ह्याच ४ मे १७८६ ची पॅरिसची हकीकत पाहा. तेथे सूर्य उगवला तो बुधासह, पण पावसात. थोर ज्योतिषी लालांद ह्याच्या कोष्टकांप्रमाणे अधिक्रमण संपण्याची वेळ आली आणि गेली. तेव्हा पुष्कळजण आपापली यंत्रे सोडून उठले. एका श्रीमंताच्या घरी शिकवणी करणारा दलांब्र नावाचा गृहस्थ मात्र बसून राहिला. ढग फाटले, आणि सूर्याच्या बिंबावरून बुध अद्याप उतरलेला नाही हे त्याने पाहिले. लालांदचा आकडा चुकला होता. दलांब्र पुढे फ्रान्सचा अग्रगण्य ज्योतिषी झाला. त्या घटकेस तो पॅरिसमध्ये पाहत होता तोच ठिपका झांशीत माध्यान्हीच्या निरभ्र सूर्यावर होता, आणि खाली दहा खंड जमविणारा मनुष्य राज्याची कामे पाहत होता.

अधिक्रमणाचा इतिहास असाच आहे. त्यात ढगांचे प्रकरण ग्रहांच्या प्रकरणाहून मोठे आहे. बुधाचे पहिले अधिक्रमण पाहिले ते गासेंदीने, पॅरिसमध्ये, ७ नोव्हेंबर १६३१ रोजी. केप्लरने ते आधी वर्तविले होते. आदले दिवस पावसाचे गेले, त्या सकाळीही सूर्य ढगांआडून येत-जात होता, आणि ठिपका इतका लहान निघाला की गासेंदीस प्रथम तो सौरडागच वाटला. उलट खुद्द केप्लरने १६०७ मध्ये सौरडाग पाहून तो बुध मानला होता! आमच्या गच्चीवरच्या शंकेस इतकी मोठी परंपरा असल्याचे वाचून आम्हांस बरे वाटले. १६३९ मध्ये शुक्राचे अधिक्रमण पाहणारा हॉरक्स हा इंग्लंडमधील खेड्यात राहणारा विशी-एकविशीचा तरुण. दिवसभर ढग, आणि सूर्यास्तापूर्वी अर्धा तास बिंब मोकळे. त्याचा मित्र क्रॅबट्री हा कापडाचा व्यापारी. त्याला शुक्र दिसला तेव्हा तो इतका हरखला की मोजमापे घेण्याचेच राहून गेले.

ह्या हॉरक्सची हस्तलिखिते वाचून वेडा झालेला जेरेमाया शेकर्ली नावाचा तरुण हिंदुस्थानात आला, ही गोष्ट आपल्या दृष्टीने विशेष. लंडनहून दिसणार नाही आणि सुरतेहून दिसेल अशा बुधाच्या अधिक्रमणाचे गणित त्याने केले होते. ३ नोव्हेंबर १६५१ रोजी सुरतेस त्याने ते दुर्बिणीतून पाहिले. तेव्हा शिवाजी महाराज एकवीस वर्षांचे होते आणि सुरतेची पहिली लूट अजून तेरा वर्षे दूर होती. शेकर्ली पुन्हा मायदेशी गेला नाही. १६५५ च्या सुमारास तो इकडेच वारला. पण त्याने पत्र लिहून ठेवले होते. तेवढ्या एका पत्राने सुरतेची ती सकाळ ज्योतिषाच्या इतिहासात राहिली.

आणि ल जांतील! परगावी नोकरी करणाऱ्याने ह्या फ्रेंच गृहस्थाची कथा वाचताना हसावे की रडावे हे आम्हांस अद्याप ठरविता आलेले नाही. १७६१ च्या शुक्राच्या अधिक्रमणासाठी तो पाँडिचेरीस निघाला. पोहोचण्यापूर्वीच ते ठाणे इंग्रजांनी घेतले, आणि ६ जूनचा दिवस हलत्या जहाजावर गेला, जेथे लंबकाचे घड्याळ निरुपयोगी. शुक्राची अधिक्रमणे आठ वर्षांच्या अंतराने जोडीने येतात आणि मग शंभराहून अधिक वर्षे येत नाहीत. म्हणून तो आठ वर्षे पूर्वेकडेच राहिला. १७६८ मध्ये, ठाणे फ्रेंचांस परत मिळाल्यावर, पाँडिचेरीस येऊन त्याने वेधशाळा उभारली. मध्यंतरी एका तमिळ गणकाकडून कवड्या मांडून ग्रहणगणित करण्याची रीतही शिकला. १७६९ च्या जूनमधील त्या पहाटेपर्यंत रात्री स्वच्छ होत्या. पहाटे वारा उठला, ढग आले, अधिक्रमण ढगांआड होऊन गेले, आणि थोड्याच वेळाने ऊन पडले. मायदेशी परतला तो १७७१ मध्ये. तेथे त्याला मृत समजून अकादमीच्या पटावरून त्याचे नाव गेले होते आणि वारस मालमत्ता वाटून घेण्याच्या तयारीत होते. इतक्या लांबच्या दौऱ्याचे बिल असे नामंजूर झालेले दुसरे उदाहरण आमच्या तरी माहितीत नाही! तरी त्याने आपल्या प्रवासाचे दोन भले मोठे खंड लिहिले. न दिसलेल्या अधिक्रमणाची इतकी सविस्तर नोंद दुसरी नाही.

शुक्राची जूनमधील अधिक्रमणे मृगाच्या तोंडावर येतात, हे आपल्या शेतकऱ्यास सांगितले तर तो ल जांतीलची कीव करील, पण ढगाची बाजू सोडणार नाही. ८ जून २००४ आणि ६ जून २०१२ ही त्यांतलीच. डिसेंबरातील अधिक्रमणे आपल्या देशास अधिक मानवणारी, परंतु तेथेही खात्री नाही. ९ डिसेंबर १८७४ रोजी रुरकी आणि मसुरी येथे चांगले वेध मिळाले. मद्रासेस मात्र हवेने दगा दिला, जेथील वेधशाळेतील चिंतामणी रघुनाथाचारी ह्यांनी लोकांना हा प्रसंग समजावा म्हणून इंग्रजीबरोबर देशी भाषांतही पुस्तिका काढली होती.

झांशीकडे परत येऊ. रघुनाथ हरी अठराव्या शतकाच्या अखेरीस धाकटे बंधू शिवरावभाऊ ह्यांच्या हाती सुभा सोपवून काशीस गेले. सुभेदारी वंशपरंपरा चालली. इंग्रजी शास्त्रांचे वेड चालले नाही. ग्रंथांची आवड मात्र त्या वाड्यात टिकली असावी, कारण झांशीच्या ग्रंथसंग्रहाची कीर्ती काशीपर्यंत होती, असे गोडसे भटजी सांगतात. एप्रिल १८५८ मध्ये शहर पडले. लुटीत त्या पोथ्यांची काय दशा झाली, तेही त्यांनीच लिहिले आहे. सोने, भांडी, वस्त्रे ह्यांच्या लुटीचे वर्णन करणारा तो भिक्षुक पोथ्यांच्या नाशापाशी येतो, तेव्हा त्याचा कंठ दाटलेला आपणांस ऐकू येतो. भटजींच्या ह्या लिखाणावाचून झांशीत असा संग्रह होता हेही आज कोणी मानले नसते. जसे हंटरच्या त्या मजकुरावाचून रघुनाथ हरी हे देवळे बांधणारे एक सुभेदार, एवढेच राहिले असते. घरच्या माणसाविषयीची ही माहिती आपणांस परक्या प्रवाशाकडून घ्यावी लागते, हे आम्हांस अजून खुपते.

आमची खतावणी सध्या आमच्याच कपाटात आहे. सह्या करणाऱ्या चौघांपैकी दोघे बदलून गेले, एक निवृत्त झाले. आमचीही बदली आज ना उद्या व्हावयाचीच. पुढचे बुधाचे अधिक्रमण १३ नोव्हेंबर २०३२ रोजी आहे. झांशीत ते दुपारी बारा वाजून अकरा मिनिटांनी सुरू होऊन साडेचारनंतर संपेल, म्हणजे आरंभापासून अखेरपर्यंत दिसेल. दिवाळी नुकतीच झालेली असेल, हवेत धूळ नसेल असा अंदाज आहे, आणि वार शनिवार असल्यामुळे रजेच्या अर्जात कारण लिहिण्याचाही प्रश्न येणार नाही. त्या पानाखाली आम्ही ही तारीख आणि वेळ लिहून ठेवली आहे. दुर्बीण कोणत्या गच्चीवर, पश्चिमेकडील कोणत्या कोपऱ्यात लावावी तेही लिहिले आहे. कार्यभार घेणाऱ्याने खतावणी मोजून घ्यावी.